उत्पत्ती, उत्क्रांती आणि प्रतीत्यसमुत्पाद : ख्रिस्ती सृष्टिविचाराचा महाराष्ट्रातील इतिहास व आपण

मंद्रूप हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव सोलापूरहून विजयपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. दक्षिणेस भीमा वाहते आणि तिच्या पलीकडे कर्नाटक राज्य सुरू होते. या टापूत मराठी व कानडी शेजारी नांदतात आणि काळ्या रानात रब्बीचा शाळू डोलतो. याच तालुक्यात सीना व भीमा यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठी भाषेच्या आद्य लेखांत त्याची गणना होते. मंद्रूपच्या माणसाला आपल्या भाषेचा हजार वर्षांचा पुरावा असा हाताच्या अंतरावर उपलब्ध आहे.

मात्र ज्या काळ्या मातीत हा शाळू उगवतो, तिचे वय या शिलालेखाच्या मापाने मोजता येत नाही. ही माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली आहे, आणि तो पाषाण सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून थरावर थर वाहत आलेल्या लाव्हारसाचा आहे. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधील वंशावळींची बेरीज करून जगाची निर्मिती ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये झाली असा निष्कर्ष काढला होता. अनेक पिढ्यांच्या श्रद्धावंतांनी तो खरा मानला. सहा हजार वर्षांचे जग आणि साडेसहा कोटी वर्षांची माती यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. तो मंद्रूपच्या बांधावरही उभा राहतो.

आमच्या वाचकांना या प्रश्नाचे आणखी एक कारण आहे. नगर, सोलापूर व मराठवाड्याच्या भागांत पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजातील काही कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तर १९५६ नंतर बहुसंख्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एकाच भावकीतील एक घर प्रार्थनामंदिरात आणि दुसरे विहारात जाते, असे आपण पाहतो. लग्नकार्यात, दुखवट्यात हे नातलग एकत्र बसतात, आणि कोणी तरी आपल्या तरुणास विचारतो : ईश्वराने जग निर्माण केले नाही असे तुम्ही म्हणता, तर मग ते आले कोठून? आपला तरुण पुष्कळदा 'डार्विन' एवढेच उत्तर देऊन मोकळा होतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे इतिहासाच्या आधारे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत आलेली उत्पत्तीची कथा

बायबलमधील सृष्टिकथा मराठीत प्रथम विस्ताराने आली ती गोव्यात. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्या भागात जगाच्या निर्मितीपासूनची कथा पुराणाच्या घाटात सांगितली आहे. नवा धर्म आला, परंतु त्याने श्रोत्यांच्या ओळखीचे रूप घेतले. पुराणाला पुराणाने उत्तर, अशी ही रीत होती.

एकोणिसाव्या शतकात रीत बदलली. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचे प्रमुख केंद्र झाले. १८४२ मध्ये तेथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. पुढे त्याच शतकात सोलापुरातही या मिशनचे ठाणे स्थिरावले. तिकडे मुंबईत स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी शास्त्रीपंडितांशी जाहीर वाद घातले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी विल्सन यांच्याविरुद्ध हिंदू धर्माची बाजू मांडली. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांचे वाद मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे रंगले.

या वादांतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. मेरुपर्वत, सप्तद्वीपे, दुधाचे व उसाच्या रसाचे समुद्र ही पुराणांतील भूगोलवर्णने खोडून काढताना मिशनरी नव्या विज्ञानाचा आधार घेत. त्यांच्या शाळांत भूगोल व खगोल शिकविले जात, आणि ते शिकलेला विद्यार्थी पुराणांवर अंधपणे विश्वास ठेवीत नसे. हे मोठेच कार्य होते आणि त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु जी कसोटी पुराणाला लावली, तीच एके दिवशी बायबलमधील 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकालाही लागणार होती. ती महाराष्ट्राच्या भूमीतच, आणि एका मिशनऱ्याच्याच हातून, लागू होऊ लागली होती.

नागपूरचा धर्मोपदेशक आणि टाकळीचे जीवाश्म

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडमध्ये झाला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे धर्मोपदेशक म्हणून ते १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८४६ मध्ये त्यांनी तेथे शाळा काढली. आज त्यांच्या नावाने असलेल्या महाविद्यालयाचे मूळ या शाळेत आहे. धर्मोपदेश आणि अध्यापन हे त्यांचे नियत कार्य; पण दगड, शंखशिंपले व वनस्पती यांचा त्यांना विलक्षण छंद होता. १८५१ मध्ये आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह फिरत असताना नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक निराळा थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील प्राण्यांचे शंख होते, फळे, बिया व लाकूड यांचे जीवाश्म होते.

याचा अर्थ काय होतो? खाली लाव्ह्याचा थर, वर लाव्ह्याचा थर आणि मध्ये तळे व रान. म्हणजे एकदा लाव्हा वाहिला, तो थंड झाला, त्यावर माती साचली, पाणी साठले, झाडे वाढली, गोगलगायी जगल्या व मेल्या. त्यानंतर पुन्हा लाव्हा आला आणि त्याने हे सारे झाकून टाकले. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. एका आठवड्यात सर्व सृष्टी पूर्ण झाली, असा शब्दशः अर्थ घेणाऱ्याला हा दगड वाचता येणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील मांगली येथूनही हिस्लॉप यांनी एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळविली. तिचे वर्णन इंग्लंडमधील नामवंत शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केले. असा प्राणी आज पृथ्वीवर कोठेही नाही.

हिस्लॉप यांची श्रद्धा यामुळे ढळली असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्याच चर्चचे धुरीण थॉमस चामर्स यांनी 'उत्पत्ती'च्या आरंभीच्या दोन वचनांमध्ये अमर्याद काळ लोटला असावा, अशी तडजोड पूर्वीच सुचविली होती. बायबलमधील दिवस म्हणजे प्रदीर्घ युग, असेही काही श्रद्धावान भूशास्त्रज्ञ म्हणत. आम्ही या तडजोडींची थट्टा करू इच्छित नाही. जो मनुष्य आपल्या धर्मग्रंथाला अडचणीचा ठरणारा दगड फेकून न देता तो जपून ठेवतो, त्याचे मोजमाप करतो आणि इतर अभ्यासकांकडे पाठवितो, तो सत्याशी प्रामाणिक असतो. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळांची पाहणी आटोपून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. गोंड समाजाविषयी त्यांनी गोळा केलेले लेखन सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात गोंडांची लिंगोची कथागीते, म्हणजे त्यांची स्वतःची उत्पत्तिकथाही आहे. ख्रिस्ती उत्पत्ती सांगावयास आलेल्या या मनुष्याने आदिवासींची उत्पत्ती लिहून ठेवली आणि जमिनीतून तिसरीच उत्पत्ती खणून काढली, असे म्हणावे लागते.

ज्या नगरात हे जीवाश्म सापडले, त्याच नगरात त्यानंतर एकशे पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, लक्षावधी लोकांनी ब्रह्मा, विष्णू, महेश यांना ईश्वर न मानण्याची प्रतिज्ञा घेतली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि निर्मात्याविना जगाचा विचार करण्याची दोन साधने, एक जमिनीतील व दुसरे मनातील, नागपूरच्या इतिहासात जवळजवळ दिसतात, हे नोंदवून ठेवावेसे वाटते.

शाळूच्या कणसातील उत्क्रांती

हिस्लॉप यांच्या मृत्यूच्या चार वर्षे आधी, १८५९ मध्ये, चार्ल्स डार्विन यांचा जातींच्या उगमाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा आरंभ त्यांनी माणसाळलेल्या प्राण्यांपासून व लागवडीच्या वनस्पतींपासून केला. ही गोष्ट आपल्या शेतकरी वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. मंद्रूपचा शेतकरी शाळूची काढणी करताना भरदार, टपोऱ्या दाण्यांची कणसे वेगळी काढून बियाण्यासाठी ठेवी. सगळी कणसे सारखी नसतात. काही गुण बियाण्याबरोबर पुढे उतरतात. आणि निवड पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली की वाणच बदलतो. 'मालदांडी' हा सोलापूरकडचा प्रसिद्ध वाण निवडीनेच नावारूपाला आला.

डार्विन यांनी विचारले : ही निवड शेतकऱ्याऐवजी दुष्काळ, रोग, थंडी व शत्रू यांनी केली तर? ज्याचे गुण परिस्थितीला मिळतेजुळते, तो जगतो आणि संतती मागे ठेवतो. इतर मागे पडतात. कोट्यवधी वर्षांच्या अवधीत या मंद निवडीतून नव्या जाती उद्भवतात. यास कोणी निवडणारा लागत नाही. २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने जनुकीय बदल केलेल्या कपाशीचीही नासाडी केली. त्या कपाशीतील विषाला न जुमानणाऱ्या अळ्याच तेवढ्या तगून वाढल्या होत्या. हीच नैसर्गिक निवड, आणि ती एका शेतकऱ्याच्या हयातीत घडली.

१८७१ च्या ग्रंथात डार्विन यांनी मनुष्यालाही याच नियमाखाली आणले. मनुष्य माकडापासून झाला, असे जे सांगितले जाते ते अचूक नाही. मनुष्य व आजची वानरे यांचे पूर्वज समान होते, एवढेच उत्क्रांतिशास्त्र सांगते. आपल्या जातीचे आजवर सापडलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे, आफ्रिकेतील आहेत. कोणतीही दोन माणसे घेतली तरी त्यांच्या आनुवंशिक द्रव्यात हजारी एक भागाच्या आसपासच फरक आढळतो.

ख्रिस्ती जगातील दोन वाटा

या विचाराचे ख्रिस्ती जगाने एकमुखाने स्वागत केले नाही, तद्वत एकमुखाने धिक्कारही केला नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातील डेटन या गावी १९२५ मध्ये जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकविल्याबद्दल खटला झाला आणि त्याला दंड ठोठावण्यात आला. पुढे १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, सृष्टिवाद विज्ञान म्हणून शाळांत शिकविण्याची सक्ती घटनाबाह्य ठरविली. शब्दशः अर्थ धरून चालणारे पंथ आजही आहेत.

दुसरी वाट रोमन कॅथलिक चर्चची. पोप बारावे पायस यांनी १९५० च्या परिपत्रकात मानवी शरीराच्या उत्क्रांतीविषयी संशोधनास मुभा दिली. मात्र आत्मा हा ईश्वराने प्रत्यक्ष निर्माण केलेला असतो, अशी मर्यादा घातली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती हे केवळ एक अनुमान राहिलेले नाही, अशा आशयाचा निर्वाळा दिला. पोप फ्रान्सिस यांनीही २०१४ मध्ये उत्क्रांती व निर्मिती यांत विरोध नसल्याचे प्रतिपादन केले. तेव्हा ख्रिस्ती म्हणजे विज्ञानविरोधी, असे सरसकट म्हणणारा आपला कार्यकर्ता अन्याय करतो, आणि नातलगांशी होणाऱ्या संवादाचे दारही बंद करतो.

तरीही एक भेद उरतो. कॅथलिक विचाराने शरीर विज्ञानाच्या स्वाधीन केले आणि आत्मा राखून ठेवला. तथागतांच्या अनात्मवादात असे राखून ठेवण्याजोगे काही उरत नाही. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान हे पाचही स्कंध कारणांनी उत्पन्न होतात व कारणे संपली की निरुद्ध होतात. बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे मराठी नाव 'उत्पत्ती' आणि आपला शब्द 'प्रतीत्यसमुत्पाद' यांचे मूळ एकच आहे. पहिल्यात उत्पन्न करणारा कोणी आहे. दुसऱ्यात एकाच्या असण्याने दुसरे असते. कर्ता जाऊन कारणसंबंध येतो, हा मूलभूत फरक होय.

ब्रह्मदेवाचे मुख

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. भारतात जगाच्या निर्मितीचा प्रश्न नुसता कुतूहलाचा कधीच नव्हता. कोणी कोणाच्या मुखातून जन्मला व कोण पायातून जन्मला, हे त्या कथेतच सांगितले होते. येथे सृष्टिकथा हा समाजरचनेचा कायदा होता.

म्हणून दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्ताचे महत्त्व. श्रावस्तीच्या पूर्वारामात वासेट्ठ व भारद्वाज हे ब्राह्मण कुळांतील दोन तरुण भगवंतांना सांगतात की, आपले जातभाई आपली निर्भर्त्सना करतात; ब्राह्मण ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले असता तुम्ही हीनांत का गेलात, असे विचारतात. भगवंत उत्तर देतात की, ब्राह्मणांच्या स्त्रियाही ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसूत होतात व बाळाला पाजतात. हे सर्वांना दिसते. मग मुखातून जन्म झाल्याचा दावा कसा टिकतो? त्यानंतर ते समाज कसा घडत गेला, शेतीच्या वाटण्या, चोरी, तंटे आणि शेवटी लोकांनी निवडलेला महासम्मत राजा हे सारे सांगतात. वर्ण हे कामांच्या वाटणीतून आले, हे त्यातील मर्म होय.

अडीच हजार वर्षांनी महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) जवळजवळ हाच शरीरधर्माचा प्रश्न ब्रह्मदेवाच्या मुखाविषयी विचारला. फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. मिशनऱ्यांनी पुराणांवर केलेली टीका त्यांना ठाऊक होती. 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी 'निर्मिक' मानला. पण तो सर्व स्त्रीपुरुषांना समान हक्क देणारा निर्मिक होता. एकाच पित्याची लेकरे, हा ख्रिस्ती विचारही मांग-महार वस्त्यांत याच रीतीने पोहोचला. ज्याला पायाची धूळ म्हटले गेले, त्याला 'तूही ईश्वराच्या प्रतिमेत घडला आहेस' असे कोणी प्रथमच सांगत होते. त्या वाक्याने किती माणसांची मान ताठ झाली असेल, हे विसरून ख्रिस्ती सृष्टिकथेचा विचार करणे आम्हांस अयोग्य वाटते. ती विज्ञान म्हणून टिकत नाही. परंतु दुष्ट सृष्टिकथेवरचा उतारा म्हणून तिने आपल्याच पूर्वजांपैकी काहींना आधार दिला.

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्त याहून पुढे जाते. तेथे भगवंत गवत व वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे व पक्षी यांच्या जाती शरीरचिन्हांनी निरनिराळ्या ओळखता येतात, असे सांगून म्हणतात की, माणसांत केस, डोळे, तोंड, हात यांवरून असा जातिभेद दाखविता येत नाही. हा युक्तिवाद श्रद्धेवर उभा नाही, निरीक्षणावर उभा आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक आहे. बुद्धांनी डार्विनच्या आधी उत्क्रांती सांगितली, असे आपल्याकडील काही वक्ते अग्गञ्ञ सुत्ताच्या आधारे ठासून सांगतात. हे बरोबर नाही. त्या सुत्तात तेजोमय प्राणी आभास्वर लोकातून खाली येतात आणि तृष्णेमुळे उत्तरोत्तर जड व कुरूप होतात. हा प्रवास वरून खाली आहे; उत्क्रांतिशास्त्राशी त्याचा मेळ बसत नाही. वेदांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो; तीच चूक त्रिपिटकाच्या बाबतीत करू नये. भगवंतांना जीवशास्त्र शिकवावयाचे नव्हते. त्यांना जन्माचा गर्व मोडावयाचा होता. जग शाश्वत की अशाश्वत, अशा प्रश्नांना त्यांनी मालुंक्यपुत्रापुढे बाणाचा दृष्टान्त देऊन बाजूस सारले, आणि केवट्ट सुत्तात तर स्वतःस कर्ता म्हणविणारा महाब्रह्मा भिक्खूला बाजूला नेऊन आपले अज्ञान कबूल करतो.

सोलापूर, १ जानेवारी १९३८

येवल्याची घोषणा १९३५ मध्ये झाल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोणता धर्म स्वीकारणार, याकडे सर्व धर्मीयांचे डोळे लागले होते. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी सोलापुरात भारतीय ख्रिस्ती बांधवांच्या सभेत भाषण केले. ते ५ फेब्रुवारी १९३८ च्या 'जनता'त प्रसिद्ध झाले. धर्मांतराच्या संदर्भात बुद्ध व ख्रिस्त या दोनच व्यक्तिमत्त्वांचा आपण विचार करतो, असे त्यांनी तेथे सांगितले. मात्र त्याच व्यासपीठावरून त्यांनी ख्रिस्ती समाजाला परखड बोलही सुनावले : मिशनऱ्यांना अस्पृश्याचा बाप्तिस्मा झाला की आपले कर्तव्य संपले असे वाटते, त्याच्या राजकीय हक्कांची चिंता ते करीत नाहीत, आणि शिकलेले ख्रिस्तीही अन्यायाविरुद्ध संघटित होत नाहीत.

या भाषणात जग कोणी निर्माण केले, हा वाद नाही. माणसाने माणसाशी कसे वागावे, समता व स्वातंत्र्य कोठे मिळेल, हा त्यांचा प्रश्न होता. सोलापूरच्या भूमीवर विचारला गेलेला हा प्रश्न सृष्टिवाद व उत्क्रांती यांच्या वादाहून मोलाचा आहे, असे आमचे मत आहे.

१९५० मध्ये महाबोधी सभेच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात बाबासाहेबांनी धर्माच्या कसोट्या सांगितल्या. धर्म हा नीतीच्या रूपाने समाजाला सांधणारा असावा. तो विवेकाशी, विज्ञानाशी सुसंगत असावा. त्याने स्वातंत्र्य, समता व बंधुता मानावी. आणि त्याने दारिद्र्याचे उदात्तीकरण करू नये. त्याच लेखात, येशूने स्वतःस ईश्वराचा पुत्र म्हटले, तर बुद्धांनी स्वतःस केवळ मार्गदाता म्हटले, हा भेद त्यांनी दाखविला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी सृष्टिकर्त्या ईश्वरावरील श्रद्धा अधम्मात घातली. ईश्वराने जग शून्यातून केले की कशापासून तरी केले, हा पेच त्यांनी तेथे मांडला आहे. कशापासून तरी केले असेल, तर ते आधीच होते; मग तो आदिकर्ता राहत नाही.

उत्क्रांती पुरेशी का नाही

निर्माता गेला म्हणजे समता आपोआप येते का? इतिहास याचे उत्तर नकारार्थी देतो. डार्विनच्या विचाराचे नाव घेऊन युरोप-अमेरिकेत वंशश्रेष्ठतेचे व सुप्रजननाचे तत्त्वज्ञान उभे राहिले. त्याचे भयानक टोक जर्मनीत दिसले. आपल्याकडेही जातिव्यवस्था म्हणजे वंशशुद्धी राखण्याची शास्त्रीय युक्ती होती, असे सुशिक्षित लोक म्हणू लागले. पूर्वी ब्रह्मदेवाच्या मुखाचा आधार होता. आता आनुवंशिकतेचा आधार शोधला गेला.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' (१९३६) या ग्रंथात याच युक्तिवादाचा समाचार घेतला आहे. आनुवंशिकीचे शास्त्रज्ञ बेटसन यांच्या मताचा दाखला देऊन त्यांनी दाखविले की, उच्च मानसिक गुण एखाद्या साध्या नियमाने वंशात उतरतात असे विज्ञानालाच सांगता येत नाही. मग प्राचीनांना ते ठाऊक होते असे कसे म्हणावे? एका पोटजातीत विवाहबंधन घालून कोणती सुप्रजा निर्माण झाली, असाही त्यांचा सवाल होता. ज्या दोन तोंडांनी जन्मश्रेष्ठता बोलते, त्या दोन्हींना, म्हणजे पुराणालाही व विज्ञानाच्या मुखवट्यालाही, त्यांनी उत्तर दिले.

म्हणून 'डार्विन' एवढे उत्तर अपुरे आहे. उत्क्रांती माणूस कसा आला हे सांगते. त्याने कसे वागावे हे सांगत नाही. ख्रिस्ती बांधव समतेचा पाया ईश्वराच्या पितृत्वात शोधतात. आपण तो प्रज्ञा, शील व करुणेत शोधतो. समता कोणी निर्माण करून ठेवलेली नाही. ती प्रतिदिनी आचरणाने निर्माण करावी लागते आणि आचरण थांबले की नष्ट होते. प्रतीत्यसमुत्पादाचा हा सामाजिक अर्थ आहे.

आजचे आव्हान

उत्क्रांतीला विरोध करणारे केवळ ख्रिस्ती, असा समज आज सोडून दिला पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत, वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, वानराचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, सबब डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि तो शिकविणे बंद करावे, असे विधान केले. त्याविरुद्ध देशातील तीन विज्ञान अकादमींनी एकत्रित निवेदन काढले. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या प्रकरणातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याचा निषेध केला. दहावीनंतर विज्ञान शाखेकडे न जाणाऱ्या मुलांच्या, म्हणजे बहुसंख्य गरीब मुलांच्या, कानावर मग उत्क्रांती हा शब्दच पडत नाही. जन्मश्रेष्ठतेची कथा मात्र त्यांच्या कानावर पडतच राहते. यातील धोका आमच्या वाचकांना निराळा सांगण्याची गरज नाही.

अशा वेळी ख्रिस्ती नातलगांशी शत्रुत्व करणे आत्मघातकी ठरेल. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला होता. १९५६ मध्ये तो शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती दलितांचा समावेश त्यांत झाला नाही. धर्म बदलल्यामुळे सवलती गमावणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांची अडचण बाबासाहेबांनी सोलापुरातच बोलून दाखविली होती. सृष्टिकर्त्याविषयी मतभेद ठेवूनही त्यांच्या न्यायाच्या मागणीत आपण सोबत राहू शकतो.

मंद्रूपसारख्या गावांतील विहारांनी पुढील दोन गोष्टी हाती घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो. एक, वर्षावासातील प्रवचनमालेत अग्गञ्ञ व वासेट्ठ ही सुत्ते वाचली जावीत, आणि त्यांच्याबरोबर राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील आनुवंशिकता व उत्क्रांती हे प्रकरण एखाद्या विज्ञानशिक्षकाकडून समजावून घेतले जावे. दोन, त्या वर्गास ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही सन्मानाने बोलवावे व त्यांचे म्हणणे ऐकावे. जग कोणी केले यावर तेथे एकमत होणार नाही. परंतु मुखातून कोणी जन्मला नाही व पायातून कोणी जन्मला नाही, यावर त्या वर्गात कोणाचाच मतभेद असणार नाही, आणि तेवढ्यावरही पुष्कळ काम एकत्र करता येईल.

भवतु सब्ब मंगलं.